रोमवरच्या मोर्चाआधीच राज्य कुठे ढासळले होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबर १९२२ मध्ये इटलीत कायदेशीर सरकार होते, राजा होता, महायुद्ध जिंकलेले सैन्य होते. मुसोलिनीच्या पक्षाकडे ५३५ पैकी अवघ्या ३५ जागा होत्या. तरी तो पंतप्रधान झाला आणि चार वर्षांत बाकीचे सगळे पक्ष बेकायदा ठरले. हे घडले कसे? ‘रोमवर चाल करून सत्ता हिसकावली’ हे पाठ्यपुस्तकातले उत्तर पुरेसे आहे का?

नाही. रोममध्ये त्या आठवड्यात झाले ते सहीशिक्क्याचे काम. राज्य ढासळले ते त्याआधी दीड-दोन वर्षे, पो नदीच्या खोऱ्यातल्या जिल्ह्यांत: पोलिस चौकीत, खालच्या कोर्टात आणि प्रीफेक्टच्या कचेरीत. प्रीफेक्ट म्हणजे गृहखात्याने प्रांतावर नेमलेला अधिकारी; आपल्या जिल्हाधिकाऱ्याचे काम आणि शिवाय सरकारी पक्षाच्या निवडणुकीची व्यवस्था, दोन्ही त्याच्याकडे. ही दुसरी जबाबदारी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी राज्याचा सांगाडा पाहू, कारण त्यातली भोके नंतर नेमकी वापरली गेली. मराठी वाचकाला इटली आठवते ती मॅझिनी-गॅरिबाल्डीची. प्रत्यक्षात उभे राहिलेले राज्य मात्र पिएमाँतच्या राजघराण्याचे होते आणि त्याची घटना म्हणजे त्या घराण्याने १८४८ मध्ये दिलेली सनद. तीत मंत्री नेमणे-काढणे राजाच्या हाती, वरिष्ठ सभागृहातले सदस्य राजाने तहहयात नेमलेले आणि घटनादुरुस्तीसाठी वेगळी पद्धतच नाही. साध्या बहुमताचा कुठलाही कायदा सनदेला बगल देऊ शकत होता. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते ही नुसती रूढी होती, कलम नव्हते.

या सांगाड्यावर उदारमतवादी पंतप्रधान जिओलित्तीने पंधराएक वर्षे राज्य चालवले. पद्धत साधी: पक्ष नव्हते, गट होते, प्रीफेक्टकडून दक्षिणेत मते आणवायची, उत्तरेत कामगारांशी जमवून घ्यायचे, सभागृहात गट फोडून-जोडून बहुमत राखायचे. १९१२ मध्ये त्यानेच मताधिकार वाढवला आणि मतदार सुमारे ३३ लाखांवरून ८६ लाखांवर गेले. मग युद्ध आले. मे १९१५ मध्ये सभागृहाचे बहुमत युद्धाच्या विरोधात असताना राजा, पंतप्रधान सालांद्रा आणि परराष्ट्रमंत्री सोन्निनो यांनी लंडनच्या गुप्त करारावर देश युद्धात ढकलला. रस्त्यावर निदर्शने, सभागृहावर दबाव आणि शेवटी खासदारांची शरणागती. १९२२ चा हा सराव सात वर्षे आधीच झाला होता, असे मी म्हणेन. युद्धात सुमारे सहा लाख सैनिक मेले.

आता १९१९ चे गणित. ऑगस्टमध्ये नित्ती सरकारने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा कायदा केला, १६ नोव्हेंबरला मतदान झाले. ५०८ जागांपैकी समाजवादी पक्षाला १५६ आणि स्तुर्झो या धर्मगुरूने त्याच वर्षी काढलेल्या कॅथलिक लोकपक्षाला १००. या दोघांची बेरीज २५६, म्हणजे काठावरचे बहुमत. पण समाजवादी पक्षावर रशियाच्या धर्तीवर क्रांती करू पाहणाऱ्यांचा ताबा होता. ‘भांडवली’ मंत्रिमंडळात बसणे त्यांच्या लेखी पाप. कॅथलिकांना हे देव न मानणारे नकोसे. उरलेले उदारमतवादी डझनभर गटांत विखुरलेले, आणि यांपैकी कोणाला तरी सोबत घेतल्याशिवाय त्यांचे सरकार बनेना. मुसोलिनीने २३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये आपली फॅसिस्ट संघटना काढली होती. नोव्हेंबरच्या या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही, मिलानमध्ये पाच हजारांहून कमी मते पडली. इथे थांबून ध्यानात घ्या: युद्धाचा विषाद, बेरोजगार सैनिक, महागाई, फ्यूमे शहर न मिळाल्याची चीड, कवी दानुन्झिओने सप्टेंबरमध्ये त्या शहरावर मारलेला छापा, हे सगळे नोव्हेंबर १९१९ मध्ये होतेच. तरी फॅसिस्टांचा आकडा शून्य. म्हणून केवळ या कारणांची यादी देणारे स्पष्टीकरण अपुरे पडते. बदलले काय, ते शोधायला शेतात जावे लागते.

फेर्रारा, बोलोन्या, क्रेमोना, मांतोवा. पाण्याचा निचरा करून तयार केलेली सुपीक जमीन, मोठे जमीनधारक आणि वर्षातले जेमतेम काही महिने काम मिळणारे हजारो शेतमजूर. समाजवादी शेतमजूर संघटनेने इथे दोन गोष्टी मिळवल्या होत्या. एक, मजूर लावायचा तर संघटनेच्या कामवाटप कचेरीमार्फतच लावायचा. दोन, इतक्या हेक्टरमागे इतके मजूर ठेवलेच पाहिजेत, हिवाळ्यातही. या दोन अटींशिवाय मजुरांची एकी टिकत नसे, कारण एकाने कमी पैशांत काम धरले की सगळ्यांचा दर कोसळे. पण त्याच अटींमुळे जमीनधारकाचा आपल्याच शेतावरचा हुकूम गेला आणि अर्धेलीने जमीन कसणारे छोटे कुटुंबवालेही दुखावले. त्यांना नको असलेले मजूर लावावे लागत, सुगीत एकमेकांना मदत करण्यावर बंदी येई. नियम मोडणाऱ्यावर बहिष्कार पडे: दुकानदार माल देत नसे, लोहार काम करत नसे. १९२० मध्ये बोलोन्या प्रांतात दहाएक महिने शेतसंप चालला आणि २५ ऑक्टोबरला जमीनधारकांनी करारावर सही करून माघार घेतली. त्याच शरदात झालेल्या स्थानिक निवडणुकांत समाजवाद्यांनी दोन हजारांवर नगरपालिका जिंकल्या. म्हणजे आता स्थानिक करही तेच बसवणार. आणि सप्टेंबरात उत्तरेच्या शहरांत चार लाखांवर कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले होते. जिओलित्तीने तिथे पोलिस न घालता कामगार थकेपर्यंत वाट पाहिली. डाव म्हणून तो यशस्वी झाला, पण कारखानदारांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: हे सरकार आपली मालमत्ता राखणार नाही.

२१ नोव्हेंबर १९२० ला बोलोन्यात नवी समाजवादी पालिका कारभार हाती घेत असताना फॅसिस्टांनी चौकावर हल्ला केला. गोळीबार, पालिकेच्या इमारतीतून गर्दीवर पडलेले हातबाँब, सभागृहात मारला गेलेला एक विरोधी नगरसेवक. दहाच्या वर माणसे मेली. परिणाम काय झाला? निवडून आलेली पालिका गेली आणि सरकारी प्रशासक आला. हल्ला करणाऱ्यांना हवे होते तेच सरकारने कायदेशीर मार्गाने करून दिले. खोऱ्यातल्या प्रत्येक जमीनधारकाने हा धडा वाचला. १९२० च्या अखेरीस फॅसिस्ट संघटनेचे सभासद वीस हजारांच्या आसपास होते. मे १९२१ मध्ये ते १ लाख ८७ हजारांच्या घरात गेले.

फॅसिस्टांच्या सशस्त्र पथकाची ‘शिक्षामोहीम’ कशी चाले ते तपशिलाने सांगतो, कारण यशाचे कारण त्या यंत्रणेत आहे. पथक वीस-तीस जणांचे, बहुतेक सुटीवर आलेले वा निवृत्त झालेले तरुण अधिकारी, विद्यार्थी, जमीनधारकांची मुले. ट्रक जमीनधारकांच्या संघाने दिलेले किंवा सैन्याच्या डेपोतून ‘उसने’ आणलेले. पेट्रोलचा खर्च त्याच संघाचा. हत्यारे सोटे, पिस्तुले, कधी बराकीतून मिळालेल्या बंदुका आणि हातबाँब. मोहिमेसाठी शेजारच्या चार-पाच गावांची पथके रात्री एका ठिकाणी जमत. शेतमजूर संघटना गावोगाव मजबूत होती, पण प्रत्येक गावात वेगळी. दहा मैलांवर काय चाललेय हे कळून मदत निघेपर्यंत काम उरकलेले असे. एका ठिकाणी शंभर विरुद्ध वीस असा सामना घडवायचा, दुसऱ्या रात्री दुसरीकडे. लक्ष्य ठरलेले: संघटनेचे कार्यालय, सहकारी भांडार, छापखाना, पुढाऱ्याचे घर. सभासदांची पुस्तके आणि करारांचे कागद आधी जाळत. पुढाऱ्याला बायकामुलांसमोर मारायचे, एरंडेल पाजून रस्त्यावर सोडायचे किंवा गाव सोडण्याची मुदत द्यायची. एरंडेलाची चेष्टा अनेक लिखाणांत गमतीने येते; त्यात गंमत काही नव्हती. मुद्दा असा की ज्याच्या शब्दावर हजार मजूर काम थांबवत, तो माणूस गावात मान वर करून चालू शकता कामा नये.

एका हिशेबानुसार १९२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ११९ कामगार मंडळे, १०७ सहकारी संस्था, ५९ जनगृहे (कामगारांची सभा-मनोरंजनाची घरे) आणि १७ वृत्तपत्रे-छापखाने उद्ध्वस्त झाले. त्यानंतर दुसरा टप्पा: संघटना मोडलेल्या गावात फॅसिस्टांची स्वतःची मजूर संघटना निघे आणि जमीनधारक फक्त तिच्याच लोकांना काम देत. काही ठिकाणी थोडी जमीनही कसायला दिली. उपाशी मजूर काय करणार? नाव बदलून त्याच कचेरीच्या दारात उभे राहणार. ही केवळ गुंडगिरी असती तर टिकली नसती. कामवाटपाची कचेरी ताब्यात आली म्हणून ती टिकली.

या सगळ्यात राज्य कुठे होते? जागेवर होते, तेच तर दुखणे. काराबिनिएरी, म्हणजे लष्करी शिस्तीचे पोलिस, दोन वर्षे समाजवाद्यांच्या शिव्या खात होते. त्यांना फॅसिस्ट आपले वाटले. छाप्याआधी ते गावातल्या मजुरांची झडती घेऊन हत्यारे काढून नेत आणि छाप्यानंतर उशिरा पोहोचत. कोर्टात मजुरांना कोठडी, फॅसिस्टांना जामीन. साक्षीदार पुढे येत नसत. रोममधून जिओलित्तीच्या तारा सुटत की कायदा सर्वांना सारखा लावा. खाली त्या फायलीला लागत. वरचा हुकूम आणि खालची अंमलबजावणी यांतली ही फट ज्यांना दिसत नाही, त्यांना १९२२ समजत नाही.

हुकूम खरोखर पाळला गेला तर काय होत असे, याची दोन उदाहरणे आहेत. २१ जुलै १९२१, लिगुरियातले सार्झाना. तुरुंगातला आपला पुढारी सोडवायला पाचएकशे फॅसिस्ट आले, म्होरक्या होता आमेरिगो दुमिनी. स्टेशनवर डझनभर काराबिनिएरी आणि एक कॅप्टन. त्यांनी गोळी चालवली. जमाव फुटला, पळाला. पळणाऱ्यांतले काही आसपासच्या शेतकऱ्यांच्या हाती लागून मारले गेले. पाचशेंना बारा पुरले. दुसरे उदाहरण बोलोन्याचा प्रीफेक्ट चेझारे मोरी. नोव्हेंबर १९२१ पासून त्याला शेजारच्या प्रांतांतल्या पोलिसांवरही अधिकार मिळाला आणि त्याने दोन्ही बाजूंना एकच माप लावले. मे १९२२ च्या अखेरीस फेर्राराचा फॅसिस्ट पुढारी बाल्बो याच्या हजारो माणसांनी बोलोन्यात येऊन ठाण मांडले, चौकांत झोपले, मोरीची बदली मागितली. त्या वेळचा पंतप्रधान फाक्ता याच्या सरकारने मोरीला दक्षिणेत बारीला पाठवले. उरलेल्या प्रीफेक्टांना यातून काय कळायचे ते कळले. बदलीच्या भीतीने अधिकारी कसे वागतात हे सरकारी नोकरीत दिवस काढलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

जिओलित्तीची मोठी चूक मात्र वेगळी होती. मे १९२१ च्या निवडणुकीत त्याने फॅसिस्टांना आपल्या ‘राष्ट्रीय गटा’च्या यादीत घेतले. हिशेब असा की यांचा सोटा समाजवाद्यांना थोडा खाली आणेल, मग खासदारकीची चव लागली की हेही माणसाळतील. आधीच्या सगळ्या उपद्रवी गटांना त्याने असेच पचवले होते. निकाल: समाजवादी १२३, नवे कम्युनिस्ट १५, कॅथलिक १०८, म्हणजे डाव्यांची आणि कॅथलिकांची ताकद फारशी बदललीच नाही. आणि फॅसिस्ट ३५. निवडून येताच मुसोलिनी विरोधी बाकावर बसला, जिओलित्तीने जूनअखेर राजीनामा दिला. ३५ हा आकडा लहान दिसतो, पण या यादीने जे दिले ते जागांत मोजता येत नाही: पंतप्रधानाच्या यादीतल्या उमेदवाराला अटक करायला कुठला पोलिस अधिकारी धजावेल?

पुढचे पंधरा महिने वेगाने सांगतो. पुढचा पंतप्रधान बोनोमी याच्या काळात ऑगस्ट १९२१ मध्ये मुसोलिनीने समाजवाद्यांशी शांतता-करार केला, पण बाल्बो, ग्रांदी, फारिनाच्ची या प्रांतिक सरदारांनी तो झिडकारला. नोव्हेंबरात तडजोड होऊन पक्ष स्थापन झाला: मुसोलिनीचे नेतृत्व कायम, पथकेही कायम. डिसेंबरात सशस्त्र पथके विसर्जित करण्याचा सरकारी आदेश येणार असे दिसताच पक्षाने जाहीर केले की प्रत्येक शाखा हीच पथक आहे. म्हणजे पथके मोडायची तर अख्खा पक्ष मोडावा लागेल. बोनोमीकडे तेवढी धमक नव्हती. फेब्रुवारी १९२२ मध्ये तो पडला. स्तुर्झोने जिओलित्तीच्या नावाला नकार दिला आणि तीन-चार आठवड्यांच्या घोळानंतर फाक्ता आला, कोणालाच अडचण नसलेला म्हणून. जुलैत त्याचेही सरकार पडले, पण दुसरा कोणी न मिळाल्याने ऑगस्टमध्ये तोच परत आला. २९ जुलैला समाजवादी नेता तुराती चक्क राजाला भेटला. दोन वर्षांपूर्वी हे केले असते तर सभागृहात बहुमत होते. तोवर त्याच्या पक्षाची ताकद मोडली होती. त्याच सुमारास डाव्या कामगार संघटनांनी कायद्याच्या रक्षणासाठी सार्वत्रिक संप पुकारला. उद्देश चांगला, वेळ भयंकर चुकलेली: रेल्वे आणि डाक बंद पडताच मध्यमवर्ग फॅसिस्टांकडे झुकला, आणि त्यांनी मिलान, जेनोआ, आंकोना, लिव्होर्नो इथे घुसून पालिका व कार्यालये ताब्यात घेतली. एकट्या पार्मा शहरात पीचेल्लीच्या लोकपथकांनी गल्ल्यांत अडथळे उभारून बाल्बोला पाच दिवस रोखले आणि त्याला परतावे लागले. ऑक्टोबरच्या आरंभी समाजवादी पक्ष पुन्हा फुटला, तुराती, खासदार मात्तेओत्ती असे मवाळ नेते बाहेर काढले गेले.

आता ती रात्र. २४ ऑक्टोबरला नेपल्सच्या मेळाव्यानंतर आराखडा ठरला: २७ च्या रात्री उत्तर आणि मध्य इटलीतली प्रीफेक्ट कार्यालये, तारघरे, स्टेशने घ्यायची आणि मग सांता मारिनेल्ला, मोंतेरोतोंदो, तिव्होली या तीन ठिकाणांहून रोमकडे निघायचे. मुख्यालय पेरूजाला. मुसोलिनी स्वतः मिलानमध्येच राहिला, जिथून स्वित्झर्लंडची हद्द जवळ. रोमचा सेनाधिकारी पुल्येझे याच्या हाताखाली सुमारे २८ हजार सैनिक होते. त्याने रोमकडे येणारे लोहमार्ग काही ठिकाणी तोडायला लावले आणि बहुतेक गाड्या तिथेच अडकल्या. २८ ला सकाळी रोमच्या आसपास पोहोचलेले फॅसिस्ट पावसात भिजलेले, अन्नाशिवाय, तोफा नसलेले. संख्येबाबत मतभेद आहेत, पण सैन्यापेक्षा ते कमी होते याबद्दल नाहीत. क्रेमोनात सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि फॅसिस्ट मेले, म्हणजे आदेश असेल तिथे सैन्य लढत होते.

पहाटे मंत्रिमंडळाची बैठक भरली, लष्करी कायदा लावण्याचे ठरले. आठच्या सुमारास प्रीफेक्टांना तारा गेल्या, रोमच्या भिंतींवर पत्रके लागली. नऊच्या सुमारास फाक्ता वटहुकूम घेऊन राजवाड्यात गेला आणि व्हिक्टर इमॅन्युएलने सही नाकारली. दुपारी आदेश मागे घेतल्याच्या तारा गेल्या. सहीपूर्वीच हुकूम बाहेर पडला आणि मग फिरवला गेला, हा क्रम सर्वांत घातक ठरला. रात्रभर तग धरून बसलेल्या अधिकाऱ्यांना वाटले की राजाच तिकडे गेला. राजाने का नाकारले? यादवीची भीती, सैन्याच्या निष्ठेबद्दल शंका, फॅसिस्टांशी सलगी असलेला चुलतभाऊ आओस्ताचा ड्यूक, दुबळ्या फाक्ताबद्दलचा तिटकारा. ही सगळी कारणे दिली जातात आणि प्रत्येकात थोडे तथ्य असावे. माझ्या मते राजापुढचा खरा हिशेब असा होता: सालांद्रा किंवा जिओलित्तीच्या हाताखाली मुसोलिनीला मंत्री करून भागेल असे सगळे सांगत होते, मग रक्त कशाला सांडायचे? वटहुकूम बारगळताच मुसोलिनीने तो सौदा नाकारला, पंतप्रधानपदच मागितले. २९ ला बोलावणे आले, रात्रीच्या गाडीने तो निघाला आणि ३० ला सकाळी रोमला उतरला. काळ्या सदऱ्यांतल्या फॅसिस्टांची मिरवणूक ३१ ला निघाली, पंतप्रधान नेमल्यावर. त्यांना घरी न्यायला खास गाड्याही सोडल्या गेल्या.

इथे फिनलंडची तुलना उपयोगी आहे. फेब्रुवारी-मार्च १९३२ मध्ये मान्त्सालाला तिथल्या लापुआ चळवळीने शस्त्रे घेऊन सरकार बदलण्याची मागणी केली. राष्ट्राध्यक्ष स्विन्हुव्हुद स्वतः कट्टर उजवा, त्या चळवळीच्या पाठिंब्यावर आलेला. पण त्याने सैन्य पाठीशी उभे केले, रेडिओवरून बंडखोरांना घरी जायला सांगितले, आणि ते गेले. चळवळीवर बंदी आली.

पहिल्या मंत्रिमंडळात मुसोलिनीसह चारच फॅसिस्ट होते. बाकी कॅथलिक, उदारमतवादी, राष्ट्रवादी, दोन सेनानी. १६ नोव्हेंबरला सभागृहाचा तोंडावर अपमान करून त्याने विश्वासमत मागितले: बाजूने ३०६, विरुद्ध ११६. होय म्हणणाऱ्यांत जिओलित्ती, सालांद्रा, ओर्लांदो, बोनोमी, फाक्ता हे पाच माजी पंतप्रधान होते. लगेच १९२३ च्या अखेरीपर्यंत आर्थिक-प्रशासकीय बाबतींत संपूर्ण अधिकारही दिले गेले.

मोडतोड कायद्यानेच झाली, आणि क्रम पाहण्यासारखा आहे. जानेवारी १९२३ मध्ये पथकांचे सरकारी ‘राष्ट्ररक्षक दल’ झाले: तीच माणसे, आता पगार तिजोरीतून आणि शपथ राजाच्या नावाची नव्हे. म्हणजे पहिल्याच अडीच महिन्यांत गुन्हेगार आणि पोलिस यांतला फरक मिटला. मग निवडणूक कायदा: ज्या यादीला सर्वाधिक आणि किमान २५ टक्के मते, तिला दोन-तृतीयांश जागा. तो तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष जिओलित्ती. कॅथलिक पक्ष अडवू शकला असता, पण व्हॅटिकनच्या दबावाने स्तुर्झोने जुलै १९२३ मध्ये पक्षाचे सचिवपद सोडले, पक्ष तटस्थ राहिला, कायदा २२३ विरुद्ध १२३ ने पार पडला.

६ एप्रिल १९२४ च्या मतदानातला दहशतीचा तपशील मात्तेओत्तीने ३० मे रोजी सभागृहात मांडला. १० जूनला त्याला पळवून मारले. मारेकऱ्यांचा म्होरक्या सार्झानाचा तोच दुमिनी. गाडीचा नंबर सापडला, धागे पंतप्रधानाच्या कार्यालयापर्यंत गेले. मुसोलिनी खरोखर हादरला होता. विरोधी खासदारांनी मात्र सभागृह सोडले आणि राजा कारवाई करेल अशी वाट पाहत बसले. जून ते डिसेंबर! रिकाम्या बाकांमुळे अविश्वास ठराव आणायलाही कोणी उरले नाही. राजा सभागृहाकडे बोट दाखवी, विरोधक राजाकडे. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि सनदेच्या ४७ व्या कलमाखाली खटला भरा असे सभागृहाला आव्हान दिले. कोणी भरला नाही.

त्यानंतर कायद्यांची रांग: २४ डिसेंबर १९२५ ला सरकारप्रमुख फक्त राजाला जबाबदार, जानेवारी १९२६ मध्ये सरकारला वटहुकमाने कायदे करण्याची मुभा, फेब्रुवारीत छोट्या गावांतले निवडून आलेले नगराध्यक्ष जाऊन नेमलेले आले, पुढे मोठ्या शहरांतही, एप्रिलमध्ये संपबंदी, ३१ ऑक्टोबरला बोलोन्यात मुसोलिनीवर गोळी झाडली गेल्यावर नोव्हेंबरात पक्ष विसर्जित, बहिष्कार घालणाऱ्या खासदारांचे सदस्यत्व रद्द, खास न्यायालय आणि देहांताची शिक्षा. यांतल्या एकाही कायद्यासाठी सनद रद्द करावी लागली नाही. नागपूरचे डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले, बालिल्ला या मुलांच्या संघटनेच्या कवायती त्यांनी पाहिल्या. अशा पाहुण्यांना शिस्तीचे शहर दिसे. फेर्राराच्या गावांतली जळालेली भांडारे बघायला कोणी नेत नसे.

शेवटी तीन नेहमीच्या गैरसमजांबद्दल. पहिला, बोल्शेव्हिक क्रांती दारात उभी होती म्हणून लोक फॅसिस्टांकडे गेले. कारखान्यांचा ताबा सप्टेंबर १९२० मध्येच संपला, १९२१ मध्ये मंदी येऊन संप झपाट्याने घटले, आणि पथके वाढली ती त्यानंतर. भीती खरी होती, पण ती ओसरलेल्या धोक्याची होती. मागे हटणाऱ्या शत्रूवर वार करणे सोपे असते. दुसरा, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने घात केला. गटबाजी आधीचीच, त्या पद्धतीने ती उघडी पाडली इतकेच. आणि समाजवादी-कॅथलिक बहुमत अशक्य होते ते पक्षांच्या ठरावांमुळे, मतमोजणीमुळे नव्हे.

तिसरा, लोकांनी त्यांना निवडून दिले. १९१९ मध्ये शून्य. १९२१ मध्ये ३५, तेही जिओलित्तीच्या यादीवर. १९२४ मध्ये सरकारी यादीला ६५ टक्क्यांच्या आसपास मते आणि ३७४ जागा, पण त्या यादीत सालांद्रा आणि ओर्लांदोही होते. शिवाय प्रदेशवार आकडे पाहा. पिएमाँत, लिगुरिया, लोम्बार्दी, व्हेनेतो या उत्तरेच्या चार प्रदेशांत दहशत असूनही सरकारी यादीला विरोधकांच्या एकत्रित मतांपेक्षा कमी मते पडली. ६५ चा आकडा भरून निघाला तो मध्य इटलीत आणि विशेषतः दक्षिणेत, जिथे पुलिया प्रदेश सोडता १९२२ पूर्वी फॅसिस्ट पक्ष जवळजवळ नव्हताच. तिथे स्थानिक बडी मंडळी आपापल्या मतांच्या गठ्ठ्यांसह नव्या मालकाकडे आली होती, आणि ते गठ्ठे गोळा करणारा माणूस पूर्वीचाच होता: प्रीफेक्ट.